दारावरचं वचन

लाडक्या आईला,

मी ठणठणीत आहे. क्लीव्हलँडच्या थंडीत तू विणलेली टोपी रोज घालते. बाबांचा गुडघा कसा आहे?

आमच्या नाटक कंपनीनं 'इथे गोरा-काळा भेद चालणार नाही' असं वचन दारावर लावलंय. पण बाकीच्या नट्यांचे केस करायला माणूस आहे, माझे मात्र मीच करायचे. आपल्यासारख्या काळ्या बायकांचे केस कंपनीत कोणालाच करता येत नाहीत. पहिल्या प्रयोगाला मी सांगून टाकलं, "माझ्या केसांसाठी माणूस आणल्याशिवाय मी रंगमंचावर पाऊल ठेवणार नाही."

दिग्दर्शक हॅल्व्हर्सन भडकले. "रेनेटा, प्रेक्षक येऊन बसलेत!"

"बसू देत. दारावरचं त्यांनीही वाचलंय."

शेवटी त्यांनी शेजारच्या गल्लीतल्या पार्लरमधून आपल्यासारखे केस करणाऱ्या अर्नेस्टीनबाईंना बोलावलं आणि पडद्यापुढे जाऊन स्वतः सांगितलं, "उशीर आमच्या चुकीमुळे होतोय." कोणीच टाळी वाजवली नाही.

प्रयोग चांगला झाला. अर्नेस्टीनबाईंना कंपनीनं कायम ठेवून घेतलंय. पुढच्या नाटकाच्या यादीत माझं नाव मात्र अजून लागलेलं नाही. एवढं बाबांना सांगू नकोस.

तुझीच,
रेनेटा