तामसीच्या फायलीची पहिली ओळ

जय भीम

प्रिय दादा,

पाहिलंस का, वरची ओळ आज आधी लिहिली! दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. विमलवहिनीला सकाळी दहाला आत नेलं. रक्त लागू शकतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कागद मांडीवर धरलाय, म्हणून अक्षर असं. तू जाऊन पाच महिने झाले. आज तुझं मूल येतंय आणि मला इतकी भीती वाटतेय की कुणाशी तरी बोलायलाच हवं. तुझ्याशिवाय कुणाशी बोलू?

वहिनीचा रक्तगट ओ निगेटिव्ह. तसली माणसं आपल्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तूच बसनं गावोगाव फिरून रक्त देणाऱ्यांच्या याद्या केल्यास आणि ह्याच दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर भरल्यास. आणि तुझ्याच बायकोच्या वेळी ती यादी उघडू नये?

मागच्या महिन्यात जुनं डॉसवालं मशीन कायमचं बंद पडलं. तुझ्या फ्लॉप्या होत्या, म्हणून मी निर्धास्त होते. नव्या युनिक्सवाल्या मशीनवर तुझा प्रोग्राम चढवला. मावला, निर्मल, तामसी, एकेका भागाच्या यादीची एकेक फाइल, आणि तिन्ही फायलींना तो म्हणाला, इंग्रजी! छापून पाहिलं तर नावांच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं.

तू समजावायचास ते आठवलं. फाइल उघडली की मशीनला फक्त आकडे दिसतात. ते इंग्रजीचे की मराठीचे, आणि मराठीचे असतील तर आपल्या दवाखान्यात टाइप केलेले की निर्मलच्या छापखान्यातून आलेले, हे प्रोग्रामनंच ओळखायचं. कारण दोघांचे आकडे वेगळे. तू हे सांगायचास तेव्हा मी जांभया द्यायचे. रागावला का नाहीस रे कधी?

शेवटी तुझी वही काढली. प्रोग्रामच्या एका ओळीशेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'इथं आपली अक्षरं शून्याच्या खाली. दुसऱ्या मशीनवर तसं नसेल. तपासणे.' तपासणे! एवढं लिहून तू खुशाल निघून गेलास? जुन्या मशीनवर आपल्या अक्षरांचे आकडे उणे धरले जायचे, म्हणून 'शून्याखाली असेल तर ते आपलं' एवढीच तुझी परीक्षा. नवीन मशीन तेच आकडे अधिक धरतं. मग त्याला आपलं असं काही सापडणार कसं? ती एक ओळ बदलायला मला, साध्या टायपिस्टला, तीन दिवस लागले. कुठल्याही मशीनवर चालेल अशी लिहिली. मावला उघडलं. निर्मल उघडलं. दोन्हींत ओ निगेटिव्ह एकही नाही. तामसीवर मात्र प्रोग्राम अडून बसला, 'ओळख पटली नाही.'

आणि आपल्याला हवा तो माणूस तामसीकडचाच! तू तसं वहिनीला बोलला होतास. पण नाव काय, गाव कुठलं? तिकडची सगळी खेडी कशी पालथी घालायची? वहिनीला नववा सरत आला होता.

मग तुझी दुसरी खूण लक्षात आली. तू प्रत्येक वहीच्या, प्रत्येक फायलीच्या डोक्यावर आधी जय भीम लिहायचास. प्रोग्राम पहिली ओळ दोन्ही पद्धतींनी, दवाखान्याच्या आणि छापखान्याच्या, वाचून बघायचा, जिच्यात ते दोन शब्द लागतील ती पद्धत खरी. नाही लागले तर थांबायचं. "चुकीचं नाव छापन्यापक्षा थांबलेलं बरं," म्हणायचास.

तामसीच्या फायलीतली ती ओळ मी खोडली होती, दादा. आरोग्य खात्याचे हैदराबादचे साहेब तपासणीला यायचे होते, त्या सकाळी. ते कागद बघतील, वरची ओळ बघतील, मग माझ्याकडे बघतील, ह्या धास्तीनं. साहेबांना मराठी वाचता येतं की नाही हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं! त्यांनी ती यादी मागितलीच नाही, आणि नंतर ती फाइल उघडायची वेळ आली नाही. तुला कळलं होतं का?

मावल्याची फाइलही तामसीसारखी दवाखान्यातच टाइप केलेली, म्हणून तिच्यातली पहिली ओळ उचलली आणि तामसीच्या डोक्यावर ठेवली. बटण दाबताना डोळे मिटले होते. प्रिंटर कुरकुरायला लागला तेव्हा उघडले. सातवं नाव बापूराव पाटलांचं, ओ निगेटिव्ह.

काल तामसीच्या बसमध्ये बसले. आपले बाबा ज्यांच्या कापसात राबले, तसल्याच घरातला माणूस. ती भीती अंगातून जाते का अशी? त्यांच्या अंगणात कागद पुढे करताना मी वरची कड दुमडून घेतली. पाटलांनी ती अंगठ्यानं सरळ केली आणि वाचली.

"हे तुया भावाचं ना, बाई? मायं नाव लिवाच्या आंधी त्यानं हेच लिवलं व्हतं. माया समोरच. तो नाई आला?"

"तो गेला, पाटील. पाच महिने झाले."

त्यांनी कागदाची नीट घडी करून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "मंग तू काऊन भिऊन राह्यली? कवा येऊ, तेवढं सांग."

दादा, मी तिथंच रडले. त्यांनी ते आधीच पाहिलं होतं, पाहून नाव दिलं होतं. मी मग कुणापासून लपवत होते?

सकाळपासून ते समोरच्या बाकावर बसलेत, कुणी बोलावलं नाही तरी बाही वर करून. वहिनी आत जाताना उलट मलाच म्हणाली, "ताई, तुमी भेऊ नका. माया हात सोडा आता."

आतून आवाज येतोय, पण वहिनीचा. बाळाचा अजून नाही. आत्ता डॉक्टरीणबाई दारात आल्या आणि त्यांनी पाटलांना खुणेनं बोलावलं. ते उठून आत गेले. मी त्यांच्या बाकावर येऊन बसलेय.

वचन देते, दादा. जितकी नवी मशीनं येतील, तितक्यांवर तुझं ते 'तपासणे' मी तपासेन. आत जे कोण येतंय, त्याच्या पाटीवर पहिली ओळ मीच लिहीन. भीती गेलेली नाही, खोटं कशाला बोलू? पण भिऊन पुन्हा काही खोडणार नाही.

तुझी,
सुजी