दिव्याआधीचं ताट

साखरखेर्डा,
ज्येष्ठ महिना, १९३७

प्रिय विमल,

'प्रिय' हा शब्द हाताच्या सवयीने लिहून गेला. खोडला तर कागद घाण दिसतो, आणि खाडाखोड केलेला कागद पुन्हा पहिल्यापासून लिहायला लावणारी आपली सिस्टर आठवते, म्हणून राहू देते. त्यावरून काही समजून घेऊ नकोस.

तुला तो शिवणाचा तास आठवतो का? आपण बारा-तेरा वर्षांच्या असू. मिशनच्या बोर्डिंगात आपल्या चौघी हिंदू मुलींसाठी मागच्या पडवीत वेगळी चूल होती, पण घंटा सगळ्यांना एकच. ती वाजून प्रार्थना संपली की दार बंद. त्या दिवशी मी विहिरीवर केस धूत बसले आणि मला घंटा ऐकूच आली नाही. दुपारी शिवायला बसलो तेव्हा माझ्या पोटातला आवाज पुढच्या बाकापर्यंत जात होता. तू हातातल्या रुमालाची कड शिवता शिवता तो रुमाल माझ्या मांडीवर सरकवलास. आत अर्धी पोळी आणि गुळाचा खडा होता. उकाड्याने गूळ पाघळला, रुमालाला डाग पडला आणि सिस्टरने तुझी सगळी शिवण उसवायला लावली. तू मान खाली घालून उसवत होतीस आणि मी तोंड न हलवता पोळी गिळत होते. चाळीस वर्षं झाली. आपल्या मंजुळेचं लग्न तुझ्या मुलाशी, शेषरावांशी ठरवताना मी बाकी कुणाला काही विचारलं नाही. घर कसं आहे, शेती किती, तुझ्या यजमानांची, किसनरावांची वकिली कशी चालते, ते सगळं आमच्या ह्यांनी पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे तो रुमाल होता. ज्या मुलीने मला उपाशी बसू दिलं नाही, ती माझ्या मुलीला उपाशी ठेवणार नाही, एवढाच माझा हिशोब.

मंजुळा लहानपणापासून अंगाने भरलेली. माझ्यावरच गेली. लग्नात तू हसत म्हणालीस की मेहकरच्या घराचं दार आता सुताराकडून रुंद करून घ्यावं लागेल. सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. मंजुळा तेव्हा मुंडावळ्या सावरत होती. तिने ऐकलं होतं, हे मला गेल्या महिन्यात कळलं.

मग तीन वर्षं झाली, मूलबाळ झालं नाही. मेदामुळे असं होतं, हे तुला कुणी सांगितलं ते ठाऊक नाही. पुण्याहून येणाऱ्या त्या मासिकात तू लेख वाचलास, की सूर्य मावळल्यावर पोटात गेलेलं अन्न पचत नाही आणि त्याची चरबी होते. तू घरात नियम केलास. दिवे लागल्यावर सुनेने ताट घ्यायचं नाही. दिवाळीला ती इकडे आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. लग्नाआधी रामराव अडत्याच्या काट्यावर आम्ही तिला गमतीने बसवलं होतं, तेव्हा दोन मणांना दोनच शेर कमी भरली होती. दिवाळीत भरली दीड मण. विमल, मी काय केलं असेल? मी तिला आरशापुढे उभी केली आणि म्हटलं, बघ किती छान दिसतेस. तुला आभाराचं पत्र लिहिलं आणि तुझं वेळापत्रक मागवलं, कारण माझे गुडघे आता मला उचलत नाहीत. तुझं उत्तर माझ्यापुढे आहे. सकाळी दहाला एक जेवण, सूर्यास्तापूर्वी दुसरं, नंतर फक्त पाणी. खाली तू लिहिलंस, 'अन्न तेच, वेळ फक्त बदलली,' आणि 'वेळ फक्त बदलली' याखाली रेघ मारलीस. तुझ्या रेघा शाळेतही अशाच सरळ असायच्या.

मी ते वेळापत्रक मनापासून पाळलं. मला सोपं होतं. आमच्या घरी लग्नानंतर पाचव्या वर्षीच मी ह्यांच्याबरोबर पाटावर बसायला लागले. गाव दोन महिने बोललं आणि मग थकलं. मी म्हटलं, आजपासून दिवस असताना जेवायचं. आमचे महादेवराव म्हणाले, "बरं, आपण दोघंही कोंबड्यांसंगं बसू." आठवड्याचा बाजार उठला, अडत रिकामी झाली की हे रामरावांना बाहेर गप्पांत गुंतवायचे आणि मी पारड्यात बसायची. "हळू बस, काटा मोडला तर साखरखेर्ड्याचा बाजार बंद पडीन," असं दर वेळी म्हणायचे. भाकऱ्या मोजून दोनच, भाजी तीच, दूध तेवढंच. दोन महिन्यांत काटा हलला नाही. एकदा अर्धा शेर कमी, पुढच्या खेपेला तेवढाच जास्त. झोप मात्र बरी लागायची आणि पोट सकाळी हलकं असायचं, एवढं तुझ्या मासिकाच्या बाजूने लिहून ठेवते.

त्याच दिवसांत रमजान आला. आमच्या शेजारची खैरुन्निसा, रज्जाक साळ्याची बायको, दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही आणि जे खाते ते दिवे लागल्यावर आणि पहाटे. तुझ्या मासिकाप्रमाणे ती महिन्याभरात फुगायला हवी होती. माझी धडपड बघून तिलाही हौस आली. रमजानच्या आधी एकदा आणि ईदेनंतर एकदा ती पारड्यात बसली. होती तेवढीच. मी विचारात पडलेली बघून तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाई, काटे को क्या मालूम मैंने कब खाया. उसको इतनाच मालूम, कितना खाया." मी हसले. पण तुझ्यावर संशय आला नाही. मला वाटलं, माझ्याच हातून काही चुकत असेल, चोरून एखादा लाडू जात असेल. मंजुळा तर दीड मणावर आली होती ना. तू सांगतेस म्हणजे वेळेचा गुण असणारच. मी माझ्या मुलीच्या हाडांकडे बघून स्वतःला खादाड म्हणत होते.

अक्षय्य तृतीयेला, आखाजीच्या सणाला ती आली. या खेपेला तिला पारड्यात बसवायची गरजच नव्हती, तरी मी बसवली. सव्वा मण. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. केस विंचरले की फणीत गुंता येत होता. तिला चार महिने विटाळ नव्हता, आणि तू त्याचा अर्थ वेगळाच लावून बारशाची कुंची शिवायला घेतलीस, हेही तिनेच सांगितलं. मी संध्याकाळी पाट मांडले. म्हटलं, चल, उजेड आहे तोवर जेवून घे, तुझ्या सासूचा नियम मोडायला नको. ती पाटावर बसली आणि दाराकडे बघत राहिली. मग विचारलं, "बाबा जेवले?" मी म्हटलं, ते बाजारातून येतील तेव्हा जेवतील, तू सुरू कर. तिने घास उचलला. तेवढ्यात गड्याने ओसरीवर कंदील लावला, आणि तिचा हात तोंडापाशी थांबला. घास तिने परत ताटात ठेवला, विमल. कुणी ओरडलं नव्हतं. कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं.

मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, मेहकरात तू संध्याकाळी जेवतेस तरी केव्हा? ती अगदी सरळ म्हणाली, "मामंजींच्या आधी बसता येत नाही. आणि ते बसतात तेव्हा दिवा लागलेला असतो."

इतकंच. पुरुषांच्या मागून बसायचा एक नियम तुझ्या सासूपासून चालत आलेला, एक तुझ्या मासिकाचा. दोन्हींच्या मधे माझ्या मुलीचं ताट वर्षभर पालथं पडलं होतं. किसनराव कचेरीतून क्लबात जातात आणि नऊला पाटावर बसतात, हे मला ठाऊक होतं. बायका पुरुषांच्या मागून बसतात, हेही ठाऊक होतं. तरी माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र आल्या नाहीत, आणि त्याची लाज मला मरेपर्यंत वाटेल. सकाळी दहाच्या जेवणाचंही तेच. आधी पुरुष, मग तू, मग ती, आणि तोवर उरलेली एक भाकरी. वेळ फक्त बदलली म्हणे.

तरीही मी तुला पत्र लिहिलं नाही. मी स्वतःला समजावलं की विमलच्या लक्षात आलं नसेल, जसं माझ्या आलं नाही. पंधरा दिवस मी या एका वाक्यावर काढले. मग सोजराबाई आली. तुझी स्वयंपाकीण सुलतानपूरला लेकीकडे चालली होती, वाट वाकडी करून माझ्याकडे उतरली. मंजुळा मागे धुणं वाळत घालत होती, तिला खांबाआडून बघून सोजराबाई म्हणाली, "हाव, चेहऱ्यावर जराशी कळा आली. तिकडं तं पोरीले पाहून माह्या पोटात तुटे." पहिले दोन महिने ती दळणाच्या डब्यात भाकरी लपवून मंजुळेला द्यायची, आणि तुला ते कळल्यावर तू फडताळाला कुलूप घातलंस. मी तिला विचारलं, बाईंच्या लक्षात आलं नसेल का गं? सोजराबाई म्हणाली, "मी सोताच इचारलं ना त्याहिले. म्हटलं, बाई, मालक बसेपर्यंत अंधार होते, मंग पोरगी जेवन कवा?" आणि तू लोणच्याची बरणी पुसत उत्तर दिलंस, "तेवढंच बरं."

तेवढंच बरं. मी हे दोन शब्द बरेच दिवस तोंडात घोळवले. तुझ्या आवाजात म्हणून पाहिले. शाळेतल्या तुझ्या आवाजात ते बसत नाहीत. आताच्या आवाजात बरोबर बसतात. सुनेचा काटा कमी भरत होता, लोक विचारत होते हा गुण कसला, आणि तू मासिकातला लेख दाखवत होतीस. आधी एखाद्या दिवशी चुकून घडलं असेल, मग फायदा दिसला म्हणून तू ते चालू दिलंस. मला कुणी इतकं शिकवलं नसतं तर बरं झालं असतं, निदान तुझं पत्र वाचून त्यावर विश्वास बसला नसता.

आता इथली बातमी. मंजुळा भूक लागेल तेव्हा जेवते. कधी दुपारी तीनला, कधी कंदिलाच्या उजेडात वडिलांच्या ताटाशेजारी. पहिले आठ दिवस दिवा लागला की मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसायची. आता तसा ठेवावा लागत नाही. दीड मणाला दोन शेर कमी आहे आणि काल तिने स्वतःहून तिखट मागितलं. विटाळही सुरू झाला. ती कुंची कुणा गरजूला देऊन टाक.

तुझा निरोप पोचला, की सोमवारी बैलांची दमणी येईल, पेरणीआधी वाटा बऱ्या आहेत, सुनेला पाठवावं, आणि इकडे जास्त दिवस राहिली तर केलेली मेहनत वाया जाईल. मेहनत हा तुझा शब्द. विमल, दमणी आली आहे. बैल पाणी पिताहेत, तुझा गाडीवान पुंजाजी ओसरीवर बसला आहे, आणि हे पत्र मी त्याच्याच हाती देणार आहे, कारण दमणीत दुसरं कुणी बसणार नाही. मंजुळेला मी विचारलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि रात्रीसाठी पीठ काढायला लागली. मला तेवढं उत्तर पुरे. शेषरावांना यायचं असेल तर त्यांनी स्वतः यावं, तिच्या शेजारच्या पाटावर बसून दोन वेळा जेवावं आणि मग तिच्याशी बोलावं. तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राचं काय ते दोघं ठरवतील, त्यात तू पडू नकोस, मीही पडणार नाही. तुमच्याकडच्या पाटल्या आणि गोठ लाल फडक्यात बांधून दिले आहेत, ते तुझे, तू ठेव. तिच्या पेटीतलं जांभळं लुगडं आणि पितळेचा गोल डबा सोजराबाईला दे, तिला डबा कशासाठी ते कळेल. तिची पुस्तकं शेषरावांच्या हाती पाठव. शाळा सोडताना सिस्टरने आपल्या दोघींना मिळून दिलेली ती जेवणाची घंटा, सहा महिने तुझ्याकडे आणि सहा महिने माझ्याकडे ठरलेली, तुझ्याच घरी राहिली आहे. ती मला नको. तीही सोजराबाईलाच दे, भाकरी कधी झाली ते तिलाच आधी कळतं. आणि एक शेवटचं. पुंजाजीला वाटेत खायला भाकरी-ठेचा बांधून दिला आहे, पण तो मेहकरात पोचेल तेव्हा दिवे लागलेले असतील. तू हे पत्र वाचत बसू नकोस, आधी त्याला वाढ.

एके काळी तुझीच होती ती,
कोकिळा