अब्बांच्या पानावरची दुरुस्ती

लातूर,
रविवार

प्रिय वर्षा,

फोनच करणार होते. पण फोनवर आपण दोघी भांडलो असतो, आणि भांडणात सांगायचं तेच राहून गेलं असतं. म्हणून कागद घेतला. अक्षराला हसू नकोस, क्लासच्या फळ्यावर लिहून लिहून ते पार बिघडलंय. दिवसभर डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना रसायनशास्त्र शिकवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन अब्बांना ऑनलाइन ज्ञानकोशातलं त्यांचं पान वाचून दाखवायचं, यातच हे वर्ष गेलं.

त्या पानावर 'हा लेख काढून टाकावा का?' ही पट्टी तिथली संपादक म्हणून तूच लावलीस, हे तू स्वतः फोन करून सांगितलंस, तेवढं बरं केलंस. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर नांदेडला येऊन तुझ्या कॉलेजात तुला गाठलं असतं. राग आलाच. कंधारला तुझ्या बाबांचं कापडाचं दुकान गल्लीत आत होतं, तिकडं कुणी फिरकायचं नाही. अब्बा एसटीनं गेले, दिवसभर ओट्यावर बसून राहिले आणि निघताना म्हणाले, "दयानंदराव, लुगडी कपाटात कोंडू नका. गल्लीच्या तोंडाला दोरी बांधून टांगा, हलू द्या वाऱ्यावर." पुढं अब्बांच्या 'गिऱ्हाईक' मासिकात दुकानावर लेख आला आणि तुझ्या बाबांनी तो काचेत मढवून गल्ल्यामागं लावला. त्याच दुकानाच्या जोरावर तू शिकलीस. आणि तूच लिहिलंस, 'प्रकाशकाच्या स्वतःच्या मासिकाचे अंक पुरावा म्हणून चालत नाहीत. स्वतंत्र संदर्भ आढळत नाहीत.'

नियमानं तू बरोबर आहेस, हे मला तेव्हाही कळत होतं. दुसऱ्या कुणी अब्बांवर लिहिलेलं काही सापडतंय का म्हणून मी घर उलथंपालथं केलं. कुठून सापडणार? पाटी कशी रंगवावी, माल कसा मांडावा, जाहिरातीत काय लिहावं, यावर उभी हयात मासिक काढणारा माणूस. पण कुणी मुलाखत मागितली की म्हणायचे, "माझं राहू द्या, त्या जागेत एखाद्या दुकानदाराची जाहिरात छापा." डाळमिलवाले अंक वाचून झाला की त्यातच डाळीचे नमुने बांधायचे. अब्बांना त्याचंही कौतुक! कागद बाजारात फिरला म्हणून खूश. मासिक बंद पडलं, किडन्या गेल्या, आणि एक दिवस डायलिसिसच्या खाटेवर पडल्या पडल्या मोबाइलवर मुंबईच्या कुणा जाहिरातवाल्याचं पान त्यांनी बघितलं. मला म्हणाले, "लुबना, आपलं असतंय का गं असं?" जन्मात तेवढं एकच मागितलं बघ त्यांनी माझ्याकडं. म्हणून मी ते पान लिहिलं. लेकीनं बापाच्या पानाला हात लावायचा नसतो, हे तू नंतर सांगितलंस.

तुझी पट्टी बघून माझ्या भावाचं, शारिकचं डोकं फिरलं. त्याला वाटलं, ही बाजार समितीची निवडणूक आहे, माणसं आणून उभी केली की झालं. त्यानं व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर अब्बांचा टोपीतला जुना फोटो टाकला, खाली लिंक, आणि 'सर्वांनी पाठिंबा द्यावा' अशी विनंती. आता तुला आपल्याकडचे ग्रुप माहीत आहेत. म्हाताऱ्या माणसाचा फोटो पडला की खालचं कोण वाचतंय? पहिल्यानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि मग रांगच लागली. कुणी तरी भला माणूस तेवढ्यावर न थांबता तुमच्या ज्ञानकोशात जाऊन अब्बांच्या मृत्यूची तारीखही भरून आला. ती तू त्याच दिवशी 'संदर्भ नाही' असा शेरा मारून काढलीस. बाकीच्यांनी तुमच्या चर्चेत 'साहेब फार मोठे होते, लेख ठेवा' असा धडाका लावला, आणि इथं डोकी मोजत नाहीत हे तुला समजावून सांगावं लागलं. शारिकला मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणापूरचे व्यंकटकाका आले. त्यांच्या तेलघाण्याची जाहिरात 'गिऱ्हाईक'मध्ये कायम असायची. हातात पिशवी, पिशवीत हार. दारात आले तर समोर अब्बा खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होते. काका उंबऱ्यावरूनच म्हणाले, "दस्तगीरभाई... तुम्ही तर हायेत की!" अब्बा म्हणाले, "हाय की. आजच्यापुरता तरी हाय. बस, चहा घे." मग पिशवीकडं बघून हसत म्हणाले, "हार चांगला दिसायलाय. वाटेत कुणाचं नवं दुकान उघडलं असंल तर तिथं दे, वाया घालवू नको." काका हसता हसता रडायला लागले. मीही आत जाऊन रडले.

काका गेल्यावर अब्बा आडवे झाले आणि त्यांनी मला ग्रुपवरचं सगळं वाचायला लावलं. मी नको म्हणत होते. पण हटूनच बसले. मी नाव वाचायचे, ते विचारायचे, "त्यानं काय लिहिलं?" तेच, अब्बा. "आणि त्यानं?" तेच. शेजारच्या पाटीवर आहे ते आपल्या पाटीवर लिहू नका, हे ज्यांना आयुष्यभर सांगितलं, त्या सगळ्यांनी दोन शब्द एकमेकांचे उचलून चिकटवले होते. शेवटी म्हणाले, "एकानं बी दुसरं काही लिहिलं न्हाई?" मी खोटं बोलायला पाहिजे होतं, पण त्या वेळी सुचलंच नाही. त्यांनी कूस बदलली. त्यानंतर पान वाच म्हणून ते मला एकदाही म्हणाले नाहीत.

आता पत्राचं कारण. वर्षा, परवा शुक्रवारी अब्बा गेले. डायलिसिसहून आणताना रिक्षातच, माझ्या खांद्यावर. शारिकनं ग्रुपवर कळवलं तर कुणी काहीच लिहिलं नाही. एकानं तेवढं विचारलं, 'हे मागंच झालं होतं ना?' दफनाआधीच्या नमाजेजनाजाला नातलग होते, मोहल्ला होता. बाजारातून एकटे व्यंकटकाका आले, रिकाम्या हातानं. आज नांदेडच्या एका पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्यात. तेवढ्यानं लेख टिकणार नाही, हे मला माहीत आहे. टिकव असं मी म्हणतही नाही, तुझा नियम तू मोडू नकोस. पण 'गिऱ्हाईक'मध्ये चूक छापली गेली की अब्बा पुढच्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती द्यायचे, हे तुला ठाऊक आहे. पान पुसायचंच असेल तर पूर्ण करून पूस. मला हात लावता येत नाही, तेव्हा त्यांची तारीख तू भर. संदर्भ आता आहे. कात्रण सोबत ठेवलंय.

तुझीच,
लुबना