सोयऱ्याच्या दारापेक्षा समुद्र बरा

१६ जुलै १९७८, दुपार

सुमननं आज परत भावाचं नाव काढलं. ते बी मी जेवताना. तोंडात घास असला की सासूला बोलता येत न्हाई, हे सुनेनं बरोबर हेरलंय. म्हणली, आत्याबाई, गावचं हवामान बिघडलंय, थोडे दिवस परभणीला पंडितकडं जाऊ. पंडित म्हंजे तिचा भाऊ. पत्र्याच्या दोन खोल्या आन् रुबाब मामलेदाराचा. सुनेच्या भावाच्या उंबऱ्यावर सासूनं वळकटी सोडायची? लोक म्हणतील, सगुणाबाई सोयऱ्याच्या तुकड्यावर पडली. घास गिळला आन् म्हणलं, मेले तरी न्हाई.

राग लिहून झाला. आता जयभीम. ही वही सितारामच्या शाळेची, मागची पानं कोरी व्हती. पोरगा मास्तर आन् माय अंगठा, हे बरं दिसत न्हाई म्हून मी बुद्ध इहारातल्या वर्गात अक्षरं शिकले. रोज एक पान लिहायचं. कुणी वाचायचं न्हाई.

१७ जुलै

ठराव केला. गाव सोडायचंच असल तर मी सांगल तिथं. समुद्राकाठच्या शहरात, परवडल अशा खोलीत. गुडघ्याला गरम वाळू लय चांगली. सिताराम हसला. म्हणला, माय, तू समुद्र कव्हा पाहिला? मी म्हणलं, तू जन्मायच्या आधी तुला तरी कुठं पाहिलं व्हतं.

नात सत्यशीला आठवीत हाय. तिच्या नकाशाच्या पुस्तकातून लिस्ट काढली. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण. मुंबई लगेच खोडली. तिथं माणसं एकावर एक झोपतात म्हणे.

बोटानं मोजलं. आमच्या गावापासून रत्नागिरी पाच बोटं. परभणी नखाएवढी. नखाएवढ्या अंतरावर जायला गाव कशाला सोडायचं?

दिवाळीपर्यंत फायनल.

१९ जुलै

सोनपेठच्या गाडीचा कंडक्टर मुंजाजी, त्याला इचारलं. म्हणला, अलिबागला मुंबईचे शेठ येतात, भाडी वाढवून ठेवलीत. रत्नागिरी स्वस्त, पण माती लाल, धुतलेलं लुगडं महिन्यात विटकरी. मालवणला मासळी इतकी की मांजरं तोंड फिरवतात.

सुमन म्हणली, मुंजाजी बीडच्या पुढं कधी गेला न्हाई. सुनेला काय कळतंय. एसटीतल्या माणसाला सगळा मुलूख कळतो.

अलिबाग खोडलं.

२२ जुलै

गिरणीवाल्यानं आमची ज्वारी तशीच परत पाठवली. पट्टा तुटला म्हणे. डबा घरी आला तव्हा गिरणीचा आवाज ऐकू यायला व्हता. नवा पट्टा बसवला असल. मी जातं बाहेर काढलं. सुमन दळताना जातं नुसतं जोरात फिरवायली. एवढं जोरात दळलं तर पीठ न्हाई, कणी पडती. सांगून बी ऐकलं न्हाई.

दुकानात बी मीठ न्हाई, आमच्यापुरतं. समुद्राकाठी मीठ फुकट. हे धरायचं राहिलं व्हतं. मालवणला एक गुण वाढवला.

२५ जुलै

वाड्यातल्या नर्मदाबाईची शेळी आमच्याकडं अर्धलीवर व्हती. पाळायची आमी, पिलं निम्मी निम्मी. आज त्यांचा गडी लिंबाजी आला आन् दावं सोडून घेऊन गेला. गाभण हाय. मुदत बी संपली न्हाई. म्हणला, बाईचा निरोप हाय, पाऊस लय हाय, शेळी आमच्या गोठ्यात बरी. चार दिवस झाले, थेंब न्हाई.

बरंच झालं. मालवणच्या गाडीत शेळी घेत न्हाईत. नर्मदाबाईला माझ्या प्लॅनचं कळलेलं दिसतंय. जिवाभावाची बाई. तिची तिन्ही पोरं मीच सोडवली. धाकटा चंद्रभान पायाळू, माय-लेकरू दोघं हातचे जायले व्हते. असं अर्धं गाव ह्या हातातनं बाहेर आलंय. अशी गॅरंटी कुठल्या फौजदाराकडं हाय?

२८ जुलै

रेडिओवर सांगितलं, औरंगाबादच्या इद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं. मी डब्यातला गूळ काढला, वस्तीत वाटायला. सिताराम म्हणला, माय, आधी दार लाव. आनंदाला दार लावायची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली. आतच खाल्ला.

म्हणतो, तिकडं जाळपोळ सुरू झालीय. मी मोजलं. औरंगाबाद दोन बोटं. दोन बोटं आग चालत येत न्हाई.

३१ जुलै

सकाळी उठून पाहते तर वस्तीतल्या दरेक दारापाशी चुन्याची फुली. हिवतापवाले येऊन गेले असतील, फवारणीच्या आधी ते भिंतीवर लिहितात. सुमन म्हणली, ते गेरूनं लिहितात आन् तारीख घालतात, ह्या नुसत्या फुल्या. नवा माणूस असल, तारीख लिहिता येत नसल. मला येती. आमच्या फुलीखाली मी कोळशानं तारीख घातली. काम पुरं असावं.

सिताराम म्हणला, आजच निघू. मी म्हणलं, रत्नागिरी का मालवण ते ठरू दे. तो म्हणला, परभणी. मी ताटावरनं उठले. सुमनला सांगितलं, एवढी घाई असल तर पोरीला घे आन् जा भावाकडं. ती म्हणली, तुमाला टाकून हे येत न्हाईत, ह्यांना टाकून मी जात न्हाई. बघा कशी अडवून ठेवती माणसाला.

२ ऑगस्ट

सत्यशीला इचारायली, आज्जी, नदीच्या काठी राहून तुला समुद्र कशाला? मी म्हणलं, नदीला वरचा पाणोठा असतो आन् खालचा. वरचा त्यांचा, खालचा आपला. त्यांच्या म्हशी धुतलेलं पाणी मी जन्मभर भरलं. समुद्राला वर बी न्हाई आन् खाल बी न्हाई. पोरगी म्हणली, पण ते खारं असतं, पिता येत न्हाई. मी म्हणलं, पिण्याचं पुढं बघू. आन् आपण गुडघ्यासाठी जायलोत, दुसरं काई न्हाई.

दुपारी नर्मदाबाई वरच्या पाणोठ्यावर व्हती. एकटी. पाण्याकडं बघतच बोलली. म्हणली, सगुणा, तुझ्या समुद्राचं कव्हा? मी म्हणलं, दिवाळीला. ती म्हणली, दिवाळी कशाला, उद्या जा. आन् अर्धीच घागर उचलून गेली.

तिला बी समुद्र पाहायचा असल. नवरा माणिकराव कुठं नेतो तिला. जळायलीय बिचारी.

३ ऑगस्ट

तीन दिवस झाले, गाडी आली न्हाई. पारावर परगावची पोरं बसायलेत. आमची ज्वारी बघायला आले असतील, औंदा कंबरेच्या वर गेलीय. नर्मदाबाईचा चंद्रभान त्यांना चहा देत व्हता. दर खेपेला मावशी म्हणतो, आज खाली बघितलं. लगीन ठरलेलं दिसतंय.

सुमननं गाठोडं बांधलं, मी सोडलं. परत बांधलं, परत सोडलं. तिसऱ्यांदा मी दमले.

४ ऑगस्ट, सकाळ

लय शांत. कुत्रं बी भुंकत न्हाई. सिताराम शाळेत गेला न्हाई. दारात बसलाय, पायात बूट.

अशी शांतता समुद्राकाठी असत न्हाई म्हणे, लाटांचा आवाज असतो. सवय करावी लागल.

फायनल: मालवण. संध्याकाळी सगळ्यांना सांगणार.

८ ऑगस्ट, परभणी

पंडितच्या उंबऱ्यावर आले. वळकटी सोडली न्हाई. वळकटी जळली.

जसं झालं तसं लिहिते. चार तारखेला दुपारी आरडाओरडा झाला आन् वस्तीच्या वरच्या अंगाचं पहिलं छप्पर पेटलं. माझा गुडघा उठला न्हाई. सितारामनं मला पाठीवर घेतलं, सुमननं पोरीला धरलं, आन् ज्वारीत शिरलो. ज्वारी कंबरेच्या वर व्हती म्हून वाचलो. नदीपाशी त्यानं मला खाली ठेवलं. तव्हा मी म्हणलं, नकाशाचं पुस्तक राहिलं.

तो परत गेला.

आला तव्हा पुस्तक डाव्या हातात व्हतं. उजवा हात खांद्याखाली भलतीकडं वळलेला. फळ्यावर लिहायचा हात. मारणाऱ्यांत चंद्रभान व्हता का, हे सिताराम सांगत न्हाई. मी इचारत न्हाई.

गंगाखेडपर्यंत चाललो. दोन दिवस लागले. तिथनं रेल्वे. नकाशात नखाएवढं हाय.

घर गेलं. वही माझ्या पोटाशी व्हती. शेळी नर्मदाबाईच्या गोठ्यात जिवंत असल. तिनं मला बी सांगितलं व्हतं, उद्या जा.

९ ऑगस्ट

पंडितनं त्याची बाज मला दिली, सोता ओट्यावर निजतो. त्याच्या बायकोनं गरम पाणी केलं, गुडघ्याला. मी रुबाब शोधायलीय. अजून सापडला न्हाई.

गल्लीत एकच नळ. लाईन लय मोठी. माझ्या पुढं कोण, मागं कोण, कुणी इचारलं न्हाई. फकस्त आधी कोण आलं एवढ्यावरनं भांडतात. मी बी भांडले. दोन घागरी मिळाल्या.

सितारामच्या हाताला प्लास्टर घातलंय. डॉक्टर म्हणला, खडू धरता येईल का ते आत्ता सांगता येत न्हाई.

११ ऑगस्ट

सरकारी माणूस आला व्हता, कागद घेऊन. गावाला परत जायचं, का इथंच राहायचं, का आणखी कुठं, ते घरच्या मोठ्या माणसानं उद्यापर्यंत लिहून द्यायचं म्हणे. सितारामनं माझ्याकडं बघितलं. सुमननं बी. पोरीनं नकाशाचं पुस्तक माझ्यापुढं आणून ठेवलं. कडा काळ्या झाल्यात. मालवण दिसतंय.

मी पुस्तक मिटलं. चुलीपाशी गेले. सुमन भाकरी थापायली व्हती. तिच्या तोंडात घास नव्हता, माझ्या बी नव्हता. तरी बोलता आलं न्हाई, म्हून इथं लिहिते आन् पान फाडून तिच्या पुढं ठेवते. ही वही कुणी वाचायची न्हाई असं म्हणलं व्हतं, तेवढं हे एक पान सोडून.

उद्या तो माणूस आला की मला कुणी इचारायचं न्हाई. सितारामला बी न्हाई, त्याचा हात दुखायलाय. जवाब सुमननं द्यायचा.