दोन बहिणींची एक रखमा

१२ नोव्हेंबर १९६३, वरवट बकाल

गुरुजींनी सही केली नाही! सिनेमाच्या संमतीचा कागद हातात घेतला, घडी घातली आणि उशाखाली सारला. म्हणाले, "आधी पुरं वाचून दाखव. डोये गेले माहे, कान हायेत." म्हणजे आता अख्खी पटकथा रोज दुपारी मोठ्यानं वाचायची. मी पुण्याहून एका दिवसासाठी आलो होतो – दोन सदरे घेऊन.

आजवर आठ कादंबऱ्या पडद्यावर आणल्या. त्यातले सहा लेखक रस्त्यात दिसले तरी ओळख देत नाहीत. सातवे वारले. आठवे तेवढे दिवाळीला पत्र पाठवतात, कारण त्यांनी सिनेमा अजून पाहिलेला नाही.

पण हे पुस्तक निराळं. उकंडराव गुरुजींनी जन्मात एकच कादंबरी लिहिली. वडिलांची बदली जळगाव जामोदला झाली तेव्हा मी वर्षभर त्यांच्या वर्गात होतो. लिहायचं वेड त्यांनीच लावलं. तेव्हा हा एक सिनेमा तरी चांगला व्हायलाच हवा. सिनेमाला पैसा लावणाऱ्या रंगराव शेठांना असलं काही सांगायची सोय नाही. महिनाअखेर सही हातात पडली नाही, तर ते दुसरी गोष्ट घेणार.

१३ नोव्हेंबर

इथल्या विहिरी खाऱ्या, म्हणून चहाही खारट. गोजरबाई काकूंनी – गुरुजींच्या पत्नींनी – माझं तोंड पाहिलं. "गोड नाही झाला का बाबू?" आणि वर आणखी साखर घातली. आता खारटही आणि गोडही. दोन कप प्यायलो.

दुपारी ओसरीवर पहिली वीस पानं. रखमा लग्न होऊन मास्तरांच्या घरी येते, तिथपर्यंत. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. मधेच – "हे वाक्य माहं हाय का तुहं?" भीत भीत म्हटलं, माझं. "बरं हाय." झालं, संध्याकाळपर्यंत मी हवेत. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा!

काकू दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. गोष्ट ऐकायला म्हणून बसल्या असाव्यात.

१४ नोव्हेंबर

आज रखमाला पटकी होते ते पान. काकू सूप ठेवून आत गेल्या. रखमा बरी झाली आणि मी पान उलटलं, तर त्या पुन्हा जागेवर. गुरुजींच्या कपाळावर मात्र आठी.

१५ नोव्हेंबर

गुरुजींना खोकला, वाचन बंद. वांग्याचं भरीत, तीन भाकरी, झोप.

१६ नोव्हेंबर

आज फजिती झाली. फजिती हा शब्द लहान आहे.

रखमा बरी झाल्यानंतरची पानं वाचून थांबलो, काकू नुकत्याच भाकरी थापायला आत गेल्या, तेव्हा गुरुजींनी विचारलं, "चंद्रा कवा येते?" मी सांगायला लागलो, अगदी शहाण्यासारखा. कादंबरीत बहिणी दोन. थोरली रखमा मरते, मग तिच्या नवऱ्याला धाकटी चंद्रा देतात, आणि तो तिच्यासाठी नवं घर मांडतो. पण सिनेमात अर्ध्यावर नायिका मारून दुसरी आणली की प्रेक्षक उठतात. म्हणून आम्ही अशा वेळी दोन पात्रांचं एक करतो. रखमा मरत नाही. पुढचा चंद्राचा सगळा भाग, तिची वाक्यंसुद्धा, रखमालाच दिली. एक शब्द वाया घालवलेला नाही, हे वर आणखी ऐटीत सांगितलं.

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "चंद्रा म्हंजे आतमधी भाकरी थापून राह्यली ते."

मला कळेना कुठं बघावं. रखमा म्हणजे मनकर्णाबाई, त्यांची पहिली बायको, गोजरबाईंची सख्खी थोरली बहीण. ती पटकीत गेली आणि वर्षाच्या आत पंधरा वर्षांच्या गोजरला याच घरात आणलं. बहिणीच्या चुलीशी, बहिणीच्या लुगड्यांत. गुरुजी म्हणाले, "साऱ्या जन्माची ते दुसरीच्या घरात नांदली. पुस्तकात तिले तिचं सोताचं घर देल्लं होतं म्या. तू ते बी काढून घेतलं." आणि म्हणाले, ही कादंबरी त्यांनी तिला कधीच वाचून दाखवली नाही. भीती वाटायची.

आणि मी तीन दिवस त्या बाईच्या देखत तिलाच वगळून तिची गोष्ट वाचत होतो. नववा लेखकही गेला. हा गेलेला मला चालणार नाही.

१७ नोव्हेंबर

काकूंच्या समोर जाववत नाही. त्यांनी विचारलं, "आज काऊन नाही वाचून राह्यले बाबू?" म्हटलं, घसा बसलाय. तर हळद-दूध घेऊन आल्या. अशानं माणसानं मरावं तरी कसं?

गुरुजींना शब्द दिला. चंद्रा परत आणतो, शेठ काय म्हणायचं ते म्हणोत. ते म्हणाले, चंद्रा असेल तरच सही.

२० नोव्हेंबर

तीन दिवस नुसतं लिखाण. रखमा मेली. लिहिताना रडलो – असं इतक्या वर्षांत झालं नव्हतं. चंद्रा दारात उभी राहते ते दृश्य माझ्या हातून आजवर उतरलेलं सर्वांत चांगलं आहे. हे मीच म्हणतोय, आणि खरं आहे. पत्रानं शेठांना कळवलं की नायिका दोन लागतील. आता बोंबलतील. बोंबलोत.

२१ नोव्हेंबर

सकाळपासून नवी प्रत वाचली. काकूंना मुद्दाम जवळ बोलावून बसवलं. आज तुमची गोष्ट आहे म्हणालो. चंद्रा आली तशी गुरुजींचा चेहरा उजळला. "जमलं बे तुले. उद्या सकायी सही." आठ सिनेमांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

काकू शेवटपर्यंत बसल्या. मग उठून सरळ चुलीकडे गेल्या. भारावल्या असतील.

२२ नोव्हेंबर

पिशवी भरत होतो. काकू दारात येऊन बसल्या. "बाबू, सिनेमात पयलंच ठेवजा. त्यात अक्का बरी होते. माहं बोलणं तिच्या तोंडून ऐकलं, मले लय बरं वाटलं. मी नसली तरी चालते. तेहतीस साल मी तिच्या जागी बसली, आता तिले बसू द्या."

गुरुजी खाटेवर होते. त्यांनी ऐकलं. उशाखालचा कागद काढला आणि मला म्हणाले, "पयल्या प्रतीले संमती, असं टाक यावर."

सही कुठं करायची ते काकूंनी त्यांचं बोट धरून दाखवलं.