मास्तर, मेथी घ्या

अमरावती
२२ जानेवारी २०२५

चि. पौर्णिमेस दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तिकडे अकोल्यात, जठारपेठेत, तुझं आणि जावईबापूंचं कसं चाललंय ते कळव. पण त्याआधी एका गंभीर प्रकरणाचा निकाल लागला पाहिजे.

दिवाळीत तू आलीस, राहिलीस, आणि जाताना आमची चहाची गाळणी घेऊन गेलीस. चुकून डब्याच्या पिशवीत पडली असेल, हा तुझा पूर्वपक्ष मला पाठ आहे. फोनवर मी विषय काढला की तू मायच्या गोळ्यांकडे वळतेस. बाजारात गाळणी मिळते, हेही मला ठाऊक आहे. पण ज्याची वस्तू गेली त्यानंच नवी आणावी, हा न्याय कुठल्या शास्त्रातला? तेव्हापासून या घरात चहा माझ्या जुन्या रुमालातून गाळला जातो. मायला सांभाळायला म्हणून ज्या बाया येऊन गेल्या, त्या साऱ्यांनी तो रुमाल पाहिला. खानदानाची अब्रू त्यातून गळून खाली गेली, वर फक्त चोथा राहिला. माझ्या लग्नासाठी एवढ्या बाया कधी पाहिल्या असत्या, तर आज ही गाळणीची वेळ आली नसती, हे तू म्हणणारच आहेस. म्हणून मीच म्हणून घेतो.

फोनवर तू चिडलीस. ‘दादा, तू प्रत्येक बाईत खोट काढून राहिला. तुले कोनालेच ठेवायचं नाही.’ तर एकेकीतली खोट ऐक.

पहिल्या लीलाबाई. नर्सिंग ब्यूरोमार्फत आल्या. दवाखान्यात काम केलेलं, पांढरा कोट, बोलणं व्यवस्थित. मायचा बीपी घेतला, नाडी पाहिली. मग म्हणाल्या, “सर, आजींना समोर मोबाइल लावून द्यायचा. दिवसभर शांत बसतात, त्रासच नाही.” मी म्हटलं, मला शांत आई नको आहे, आई हवी आहे. त्या रुमालाकडे पाहून उठल्या.

दुसरी संध्या. चांगली मुलगी होती, तिच्यात मी खोट काढणार नाही. सकाळी माय दारापुढच्या ओट्यावर आपली भाजीची टोपली घेऊन बसली होती. तुला ठाऊक आहे, मी बाजारातून रोज मेथी-पालकाच्या जुड्या आणतो. ती त्यांच्यावर पाणी शिंपडते, ओलं पोतं झाकते, आणि वलगावच्या मळ्यातून आपले बाबा दुसरी खेप घेऊन येतील म्हणून रस्त्याकडे पाहत बसते. संध्या तिच्याशेजारी बसली, हात हातात घेतला आणि प्रेमानं म्हणाली, “आजी, आता कुठं दुकान? तुमचे मालक वारले ना.”

खरंच बोलली. पण मायसाठी बाबा त्या क्षणी वारले. पौर्णे, ती ओट्यावर बसून नव्यानं रडली. बांगड्या काढायला लागली. दुपारपर्यंत विसरली, पण मी नाही विसरलो. आयुष्यभर पोरांना सत्य बोलावं म्हणून फळ्यावर लिहून दिलं, आणि खरं बोलली म्हणून एका मुलीला परत पाठवलं. यावर तुला हसायचं तर हास.

तू विचारलंस, ‘दिवसा शेजारच्या माणिकबाई आहेत, शाळा सुटल्यावर तू आहेस, मग चोवीस तास घरात राहणारी बाई कशाला?’ मी सांगितलं, आंघोळीला बाईमाणूस लागतं. ते खरंच आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ते नाही. फोनवर देता येत नव्हतं, कारण माय समोर बसलेली असते आणि हल्ली मी फोनवर बोललो की फार लक्ष देऊन ऐकते. म्हणून हे पत्र.

तुला आठवतं, माय मला ‘मास्तर’ म्हणते म्हणून मी सांगितलं होतं आणि आपण दोघं खूप हसलो होतो? मी जेवायला वाढलं की म्हणायची, “मास्तर, तुमी कावून तरास घेता? तुमचे घरचे वाट पाहत असतीन.” मी म्हणायचो, घरचे कोणी नाहीत. “असं कसं? एवढा शिकलेला मानूस. कोनी पोरगी देल्ली नाही?” बघ, स्मृती गेली तरी नेम शाबूत. हे मी तुला सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

पुढं ती माझ्या हातून ताट घेईनाशी झाली. मी खोलीत गेलो की पदर सावरून भिंतीकडे सरकायची. एकदा माणिकबाईंना हळूच म्हणाली, “हा मानूस आमच्या घरात कावून राहून राहिला? याईले सांगा, म्हना, आता जा.” माणिकबाई हसल्या. मीही हसलो. हसण्याचा मला सराव आहे.

आता गेल्या गुरुवारचं. तू पाठवलेली तिसरी बाई, दीपमाला, बार्शीटाकळीहून यायची होती. मी शाळेतून लवकर निघालो, कोपऱ्यावरून माणिकबाईंना मी आलोच म्हणून फोन केला, त्या आपल्या घरी गेल्या. तेवढ्यात मायनं दाराला आतून कडी घातली.

मी दार वाजवलं. “माय, मी गजेंद्र.”

आतून आवाज, “गजेंद्र शाळेत गेला हाये. तुमी कोन?”

आता याचं खंडन कसं करायचं? गजेंद्र शाळेतच गेला होता. शब्दप्रमाण तिनं फेटाळलं. प्रत्यक्ष प्रमाण द्यावं म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेलो, तर तिथं गॅसवर दूध. उतू जाऊन गेलेलं, उरलेलं करपत होतं. आणि माय शेगडीकडे पाठ करून उभी. लुगड्याचा पदर मागं लोंबत होता, पौर्णे. जाळ आणि पदर, मध्ये वीतभर अंतर.

मी ओरडलो. “माय, गॅस बंद कर! सरक तिथून!” मी जितका ओरडलो तितकी ती मागं सरकली. मला शहाणपण सुचायला हवं होतं, तर मी खिडकीचे गज हलवत होतो. तिनं खालून तराजूतलं किलोचं वजन उचललं. तेच, आपण लहानपणी बदाम फोडायचो ते. दोन्ही हातांत धरून म्हणाली, “जवळ येऊ नको. माया पोरगा येते आता. तो सोडनार नाही तुले.”

मी तिच्या पोराच्या नावानं दटावला गेलो. एरवी मजेशीर वाटलं असतं.

मागून कोणीतरी म्हणालं, “सर, तुमी बाजूले व्हा.” हातात पिशवी, तोंडात सुपारी, ती दीपमाला. मला काही विचारलं नाही. ओट्यावर जाऊन टोपलीपाशी बसली आणि मोठ्यांदा हाक दिली, “ओ मावशी! मेथी कशी देली?”

मी खिडकीचे गज सोडले. मग आतून, “धा ले जुडी.”

“पाच ले द्या.”

“पाच ले? बोहनीचा टाइम हाये बाई, तोंड नको खराब करू.”

“जुड्या सुकल्या तुमच्या.”

“सुकल्या?” वजन खाली ठेवल्याचा आवाज मी ऐकला. “थांब, येतो मी. डोळे फुटले काय तुये?”

कडी निघाली. दुपार टळत आली होती, पण मायच्या लेखी सकाळ होती, आणि दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक तिनं जन्मात कधी परत पाठवलं नाही. घरचं लेकरू तापानं फणफणलेलं असलं तरी नाही. दीपमाला तिच्या बाजूनं आत शिरली, गॅस बंद केला, परत येऊन भाव करत बसली. शेवटी आठला घेतली. मायनं नोट कपाळाला लावली. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि तिला म्हणाली, “या मानसाले आत नको येऊ देऊ.”

मी माणिकबाईंच्या ओसरीत जाऊन बसलो. अंधार पडेपर्यंत.

दीपमालाला हे तूच सांगितलं होतंस ना? मी विचारलं, तर म्हणाली, “ताईनं सांगतलं होतं, भाजीचं बोललं का मावशी खुश होते.” म्हणजे गाळणीच्या आरोपातून तुला अर्धी सूट.

तर दीपमाला ठेवली. निवड मी केली असं म्हणायला मला संकोच वाटतो. कडी मायनं काढली. या बाईतही खोट आहे, आणि मी ती काढणार. घोरते. भाजीत तिखट असं घालते की डोळ्यांतून पाणी येतं, आणि मला ते हल्ली सोयीचं पडतं. मायशी कडाकडा भांडते, माय तिच्याशी दुप्पट भांडते, आणि दोघी एका ताटात जेवतात.

मी वरच्या खोलीत राहायला गेलो आहे. सकाळी मागच्या जिन्यानं उतरतो, गल्लीला वळसा घालतो आणि पुढून ओट्यावर येतो. “मेथी कशी?” म्हणतो. पहिले दोन दिवस माय माझ्याकडे तिरपं पाहायची. आता म्हणते, “या मास्तर, घ्या, तुमच्यासाठी ताजी ठेवली.” वर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट टाकते. मी खाली पायरीवर बसून चहा पितो. परवा मला म्हणाली, “माया पोरगाही शिकून राहिला. संस्कृत घेतलं त्यानं. त्याच्यानं पोट भरते का हो?” मी म्हटलं, भरतं, थोडंफार. तिला बरं वाटलं.

दीपमालाला हे पटत नाही. “सर, हे नाटक कितीक दिवस करान? सांगून टाका ना, मीच तुया पोरगा म्हनून.” मी तिला म्हटलं, सांगून पाहिलं आहे. म्हणाली, “अजून एक डाव सांगा.” मी तिच्यावर खेकसलो. मग तिनं मला चहा दिला, रुमालातून गाळलेला.

तू मायला दोन महिने अकोल्याला न्यायचं म्हणत होतीस. मी म्हटलं होतं, तिकडचं पाणी तिला मानवत नाही. ते खोटं होतं; जठारपेठेच्या पाण्याची क्षमा मागतो.

रविवारी ये. गाळणी पोस्टानं पाठवू नकोस, हातानं आण. आणि एक सांगतो ते ऐक. दारात आलीस की ‘माय’ म्हणून धावू नकोस. आधी टोपलीपाशी बस. भाव विचार. ती तुझ्याकडे कशी पाहते ते पाहा, मग काय हाक मारायची ते ठरव.

ती मला विसरली, हे मी सोसेन. दीपमालाला उद्या लेक म्हणाली तरी सोसेन. रोज दहाची जुडी घेऊन गिऱ्हाईक म्हणून तिच्यासमोर बसायला मिळतं, तेही थोडकं नाही. पण त्या खिडकीतून तिचा चेहरा मी पाहिला आहे. मायला माझी भीती वाटते, पौर्णे. आणि मला भीती ही आहे की शेवटच्या दिवशी तिच्या उशाशी मी गेलो, तर ती त्या भीतीतच जाईल.

तुझा, निदान तुझा तरी,
दादा