झाडांच्या मोजणीचा दिवस

नागोया,
१८ मे

चि. सौ. फुसाएस,
योशिनोताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमच्याकडून परत येऊन आठवडा झाला, पण जीव तिथंच अडकलाय. मित्सुरु गेल्याचं दुःख आहेच गं. तुमचा एकुलता एक मुलगा कामावर असताना पडत्या झाडाखाली सापडतो, त्यावर कुणी काय बोलायचं? मला घोर लागलाय तो तुझ्या किंजीसानांचा. जन्मभर डोंगरावर करवत चालवलेला माणूस, आणि आता सकाळपासून बंद टीव्हीसमोर बसून असतो. मी जेवायला बोलावलं तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मीटर बघायला आलेली बाई. रक्तदाब वाढलेला, झोप नाही, आणि गोळ्या बशीत तशाच.

आमच्या शेजारच्या ओकुमुराबाई दर महिन्याला वनस्नानाला जातात. पाणीबिणी काही नसतं त्यात. झाडांमधून अगदी हळू चालायचं, एका जागी बसायचं, लांब श्वास घ्यायचा, कानावर पडेल ते ऐकायचं. फोन नाही, गप्पा नाहीत. बाईंचा रक्तदाब उतरला, झोप लागायला लागली, सुनेशी भांडणं कमी झाली. हे शेवटचं सून सांगते, म्हणजे खरं असावं. आणि ही बस जाते कुठं, तर तुमच्याच गावच्या हिनोकीच्या झाडांच्या रानात. तुमच्या गावकचेरीनं तिथं बाकं टाकलीत म्हणे. शहरातली माणसं पैसे भरून येतात आणि तुम्हाला दारातलं फुकट नको. त्यांना घेऊन जा. सरळ ऐकलं नाही तर रानभाजी खुडायला चला म्हणावं.

थोरली म्हणून अधिकारानं लिहिलंय. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
योशिनोताई

•

ओतोसावा,
९ जून

तीर्थस्वरूप योशिनोताईस,
फुसाएचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

रानभाजीचं निमित्त काही चाललं नाही. यांनी टोपलीकडे पाहिलं आणि म्हणाले, योशिनोताईंनी सांगितलंय ना, मग तसं सांग की. शेवटी आले ते तुझ्या भिडेनं.

मी मुद्दाम ओढ्याअलीकडची वाट धरली. मित्सुरु गेला ती चढण पलीकडे आहे, तिथून दिसत नाही. कचेरीची मुलगी शहरातल्या बायकांना घेऊन आली होती. तिनं यांनाही ओळीत उभं केलं. म्हणाली, झाडाला पाठ टेका, डोळे मिटा आणि झाडाला मनात आपलं नाव सांगा. हे म्हणाले, त्याला ठाऊक आहे, माझ्या बापानंच लावलंय ते. बायका हसल्या. ताई, मग हेही हसले. मित्सुरु गेल्यापासून पहिल्यांदा. मी तोंड फिरवून बुटाची नाडी बांधत बसले.

मग सगळे गप्प बसलो. मला आधी नुसता ओढा ऐकू येत होता. हळूहळू त्यामागचा पक्षी ऐकू आला, मग वर शेंड्यांत वारा. उन्हानं साल तापली की वास येतो, तो आला. लाकडाच्या घरात जन्म गेला, पण तो वास असा थांबून कधी घेतला नव्हता. खांदे इतके दिवस कानांपर्यंत ओढलेले होते हे खाली आल्यावर कळलं.

रात्री हे झोपले ते उजाडल्यावरच उठले. देवापुढं सकाळचा भात ठेवताना मी मित्सुरुच्या फोटोला सांगितलं, तुझे बाबा काल घोरले.

तुझ्या गुडघ्याला जप. जिना चढून वाळत घालायची हौस आता पुरे. लहानीचं एवढं ऐक आणि लोभ होता तसाच राहू दे.

तुझी,
फुसाए

•

नागोया,
२२ ऑगस्ट

चि. सौ. फुसाएस,
आशीर्वाद. वि. वि.

पितरांच्या दिवसांत यायचं ठरवलं होतं, पण गुडघ्यानं दार ओलांडू दिलं नाही. मित्सुरुच्या नावानं इथंच दिवा लावला. किंजीसान रोज रानात जातात, दुसऱ्यांदा भात मागून घेतात, डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, हे वाचून मी पत्र घेऊनच ओकुमुराबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, बघा, मी सांगत होते. आता महिनाभर हेच ऐकायचंय मला.

एक मात्र सांगते. तू सोबत जातेस ते आता बंद कर. तू कितीही गप्प बसायचं म्हटलंस तरी मध्येच ऊन लागतंय का, पाणी हवंय का, विचारणारच. मी ओळखते तुला. माणसाला झाडांपाशी एकटं सोडावं लागतं, म्हणजेच गुण येतो असं बाई म्हणतात. त्यांना एकट्याला जाऊ दे.

पत्राला उशीर करू नकोस. म्हातारीला आता टपालवाल्याशिवाय दुसरी करमणूक नाही.

तुझी,
योशिनोताई

•

ओतोसावा,
३० सप्टेंबर

तीर्थस्वरूप ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं ऐकलं. हे एकटे जातात. रक्तदाब आणखी उतरला. डॉक्टर मला म्हणाले, बाई, तुमच्या घरात औषधाचं झाड आहे. मी मान डोलावली.

परवा हे डबा विसरले म्हणून मी घेऊन गेले, तर हे बाकावर नाहीत. ओढ्यात बुटांचे ओले ठसे. मी पलीकडे गेले. हे त्या चढणीवर होते, ताई. ज्या झाडानं मित्सुरुला घेतलं त्याच्या बुंध्याशेजारी. पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे मिटलेले, त्या मुलीनं शिकवलंय अगदी तसे. रडत नव्हते. तोंडावर इतकं सुख होतं की मला जवळ जाववेना. डबा दगडावर ठेवून परत आले.

संध्याकाळी रिकामा डबा धुऊन माझ्या हातात दिला. मी कधी येऊन गेले ते विचारलं नाही. हल्ली तसे काहीच विचारत नाहीत. चिडत नाहीत, खोकत नाहीत, चहा गार झाला तरी तसाच पितात. माणूस बरा होताना असाच होतो का गं? जाऊ देऊ का अडवू, तेवढं कळव. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

तुझ्या मायेची,
फुसाए

•

नागोया,
६ ऑक्टोबर

चि. सौ. फुसाएस,
आशीर्वाद.

उलट टपाली लिहितेय. अडवू नकोस. बाप मुलापाशी जाऊन बसतो यात वाईट काय आहे? आपण थडग्यापाशी बसतो, ते बुंध्यापाशी बसतात. शांत झालेत हे चांगलंच आहे, पूर्वी मिसोचं सार पातळ झालं म्हणून वाटी सरकवणारा माणूस तो. आता थोडं सुख घे आणि शंका काढत बसू नकोस.

घाईत आहे, पण आठवण रोजचीच.

तुझी,
योशिनोताई

•

ओतोसावा,
१० नोव्हेंबर

तीर्थस्वरूप ताईस,
नमस्कार.

सात तारखेचं लिहिते. शहरात जाऊन तुझा जन्म गेला, तरी तो दिवस तू विसरली नसशील. डोंगराची देवी त्या दिवशी आपली झाडं मोजते. रानात पाऊल टाकायचं नाही. सापडेल त्याला ती झाड समजून मोजते आणि मोजलेला माणूस घरी येत नाही. करवती पुसून भिंतीला टेकवायच्या, काठीवर थापलेला भात अक्रोडाचं वाटण लावून भाजायचा, देवळात न्यायचा. यांनी हा दिवस कधी मोडला नाही. मित्सुरुनंही नाही.

यंदा यांनी पहाटेच आंघोळ केली, धुतलेले कपडे घातले आणि मी पुढं होतो म्हणाले; देवळातच जात असतील असं मी धरलं. माणसांत निघाले म्हणून मला बरं वाटलं. मी भात घेऊन गेले तर देवळात हे नाहीत, कुणी पाहिलेलेही नाहीत. घरी परत आले. अस्वलं लांब राहावीत म्हणून कमरेला बांधतात ती घंटी खुंटीवर तशीच होती. घंटीशिवाय हे कधी रानात गेले नाहीत. तिथंच मला सगळं समजलं. झाडाला घंटी कशाला लागते?

देवळात जाऊन पुरुषांना सांगितलं. सगळे खाली बघायला लागले. म्हातारे तोयामासान म्हणाले, उद्या फटफटताच सगळे निघू, आज कुणाला पाठवता येणार नाही, तू समजून घे. मी समजून घेतलं. ताई, तेच आता गिळवत नाही, की मी समजून घेतलं. रानाच्या तोंडाशी त्या दिवशी दोर बांधतात तिथवर गेले. दोर जेमतेम गुडघ्याच्या उंचीवर. माझा पाय उचलला नाही. हाकही मारली नाही, देवीच्या कानावर यांचं नाव पडेल म्हणून. भाताचा डबा काखेत धरून दिवसभर जपमाळ ओढत उभी राहिले. तेवढंच केलं.

दिवेलागणीला हे उतरून आले. ओठ निळे, खांद्यावर काड्या-पानं. दोर ओलांडला, मला पाहून थबकले आणि म्हणाले, मोजलं नाही गं तिनं. सकाळपासून हललो नाही, शिकवलाय तसा श्वास घेतला, मित्सुरुशेजारी जागा होती, तरी नाही मोजलं. मग विचारलं, डब्यात काय आहे. घरी येऊन सगळं खाल्लं.

इतके महिने मी फोटोला सांगत होते, बाबा बरे होतायत. हे बरं व्हायला जात नव्हते, ताई. झाड व्हायची सवय करायला जात होते.

काल डॉक्टरांकडे जायचं होतं. रक्तदाब इतका चांगला की त्यांनी पट्टा पुन्हा बांधून पाहिला, नर्सला बोलावून आकडा दाखवला. म्हणाले, कचेरीच्या सभेत वनस्नानावर तुम्हीच बोला, लोकांना पटेल, या तब्येतीला वीस वर्षं काही होत नाही. यांनी खाली मान घालून विचारलं, वीस? डॉक्टरांना वाटलं आनंद झाला. म्हणाले, जास्तच धरा.

परत बसनं आलो. उतरताना मी घसरेन म्हणून हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. मला विचारायचं होतं, तुम्हाला मोजलं असतं तर माझं काय? विचारलं नाही. यांना खोटं बोलता येत नाही.

आज सकाळी पुन्हा गेले, घंटी बांधून. मीच डबा दिला. अडवू कशी? भूक तिथून येते, झोप तिथून येते, तब्येत तिथूनच आलीय. आणि पुढच्या वर्षीही सात तारीख आहेच. तेव्हा मी दोराच्या अलीकडे असेन का पलीकडे, हे देवापुढं बसूनही मला सांगता येत नाही.

चूक तुझी नाही, तू चांगलंच सुचवलं होतंस. पण आता कुठला उपाय सुचवू नकोस. तुझ्या गुडघ्याचं लिही, ओकुमुराबाईंचं लिही, काहीही लिही. लिहीत मात्र जा.

तुझी,
फुसाए